बर्लिन: द्वैभाषिक शाळेत पहिलीचा प्रवेश (एसईएसबी किंवा खाजगी), मुलांची तयारी कशी करावी?

शेवंती:
मुलगी मे २०२१ ची, म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात पहिलीत. राहायला फ्रीडरिक्सहाइन. घरी मराठी, किटा (बालवाडी) जर्मन-इंग्रजी. इंग्रजी-जर्मन एसईएसबीत (सरकारी द्वैभाषिक शाळेत) घालायचा विचार आहे, नाही जमलं तर खाजगी. पण मुलीची भाषा म्हणून फॉर्मवर काय लिहायचं इथेच गाडी अडली आहे. नवऱ्याचं म्हणणं, वर्षभर घरात फक्त इंग्रजी बोलू. भाषा-चाचणीत नेमकं काय बघतात, तयारी काय करून घ्यायची, कागद कोणते लागतात? जाणकारांनी सविस्तर लिहा. जुन्या धाग्यावर नुसतं 'शुभेच्छा' आणि 'फॉलो करतेय' आहे.

श्प्रेकाठी:
आधी नावांचा गुंता सोडवू. एसईएसबी म्हणजे बर्लिनच्या सरकारी युरोपा-शाळा. १९९२ पासून आहेत, फी नाही. जर्मनच्या जोडीला नऊपैकी एक भाषा: इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, ग्रीक, तुर्की, पोलिश. फ्रांकफुर्ट आणि म्युनिकची 'युरोपियन स्कूल' हे निराळं प्रकरण. तिथे पहिला हक्क युरोपीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा. हेसन राज्यात काही साध्या सरकारी शाळांनाही 'युरोपाशूल' हे बिरुद असतं, ते तिसरंच. व्हॉट्सॲपवर या तिन्हींची माहिती एकत्र कालवून फिरत असते, तिच्यावर विसंबू नका.

बर्लिनमध्ये आणखी दोन सरकारी पर्याय ऐकाल. १९६० साली सुरू झालेली जॉन एफ. केनेडी शाळा जर्मन-अमेरिकी आहे. नेल्सन मंडेला शाळेत सतत देश बदलणाऱ्या कुटुंबांसाठी जागा असतात, पण तसं कागदोपत्री दाखवावं लागतं. कायमस्वरूपी नोकरी आणि स्वतःचं घर असलेल्यांना ते कठीण जातं.

आता वेळापत्रक. बर्लिनमध्ये ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण करणारं मूल त्या वर्षी शाळेत जायलाच हवं. तुमच्या तुकडीत १ ऑक्टोबर २०२० ते ३० सप्टेंबर २०२१ दरम्यान जन्मलेली मुलं येतात. नोंदणी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, म्हणजे २०२६ मध्ये. पत्त्यानुसार ठरलेल्या शाळेचं पत्र घरी येतं आणि नोंदणी त्या शाळेत करावीच लागते, तुम्हाला एसईएसबी हवी असो की खाजगी. तिथेच दुसऱ्या शाळेची पसंती लिहून द्यायची, तीनपर्यंत शाळा क्रमाने लिहिता येतात. 'आम्हाला ती शाळा नकोच आहे' म्हणून लोक त्या पत्राकडे दुर्लक्ष करतात आणि मग स्मरणपत्रं येत राहतात.

एसईएसबीची तारीख सर्वसाधारण मुदतीहून वेगळी असू शकते. उन्हाळ्याची सुट्टी संपली की शाळेच्या साइटवर दर आठवड्याला नजर टाका. खुला दिवस असेल तर चुकवू नका.

कागद: जन्मदाखला (भारतातला असेल तर भाषांतरासह), दोघांचे पासपोर्ट, मुलीचा पासपोर्ट आणि निवास-परवाना, पत्त्याची नोंद, गोवराच्या दोन डोसांचा पुरावा. सही दोघांचीही लागते. एकजण भारतात असेल तर आधीच सहीचं पत्र आणि पासपोर्टची प्रत मागवून ठेवा. खिडकीसमोर उभं राहून 'ते पुढच्या महिन्यात येतील' हे चालत नाही.

खडूफळा:
प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून चाचणीबद्दल लिहिते. शाळेगणिक पद्धत बदलते, पण गाभा एकच: मुलीला किती येतं हे कुणी मोजत नाही, ती त्या भाषेत राहते का हे बघतात.

एसईएसबीचा वर्ग दोन गटांचा असतो. अर्धी मुलं जर्मनवाली, अर्धी जोडभाषावाली. वाचन-लेखन आधी स्वतःच्या गटाच्या भाषेत सुरू होतं, दुसऱ्या भाषेतलं साधारण दुसरीपासून. गणित जर्मनमध्ये. परिसर अभ्यास आणि पुढे विज्ञान, इतिहास, भूगोल जोडभाषेत. त्यामुळे कोणत्या गटात बसवलं जाईल यावर पहिली दोन वर्षं मुलीचं वाचन कसं होणार हे ठरतं. 'इंग्रजी गटात जागा लवकर मिळते' असं ऐकून गट निवडणं महागात पडतं.

चाचणीत मुलीला दोन-तीन इतर मुलांबरोबर किंवा एकटीला शिक्षिकेसोबत बसवतात. चित्र पुढे ठेवतात: बाजार, खेळाचं मैदान, पावसात भिजलेला कुत्रा. 'इथे काय चाललंय?' मग 'तो मुलगा का रडतोय?', 'पुढे काय होईल?' एखादी दोन पायऱ्यांची सूचना: 'लाल पेन्सिल टेबलाखाली ठेव, मग माझ्याकडे ये.' चार चित्रं क्रमाने लावून गोष्ट सांगणं. मध्येच हवापाण्याच्या गप्पा: बूट नवे आहेत का, सकाळी काय खाल्लं.

पाठांतर उघडं पडतं ते इथे. मूल दोन मिनिटं 'माझं नाव अमुक, मी इतक्या वर्षांची, मला निळा रंग आवडतो' सुरळीत म्हणतं. मग शिक्षिका विचारते, 'तुझ्या पायाला हे काय लागलंय?' आणि शांतता. रंग, आकडे, प्राणी, ए फॉर ॲपल हे सगळं येऊनही मूल नाकारलं जातं, कारण त्यात क्रियापदं नसतात. 'डॉग. बॉल. रेन.' ही नामांची यादी झाली. 'कुत्रा भिजला कारण छत्री त्या मुलाकडे होती' हे वाक्य त्या भाषेत यावं लागतं, व्याकरणात चूक असली तरी.

तळ्यात_मळ्यात:
वाचा-उपचाराच्या कामात असल्यामुळे भाषा निवडण्याबद्दल लिहितो. शेवंतीताई, फॉर्मवर लिहिण्याआधी आठवडाभर मुलीचं ऐका. ती बाहुल्यांशी कोणत्या भाषेत बोलते? किटातल्या मैत्रिणीशी भांडताना कोणती भाषा येते? भांडताना मूल शब्द शोधत बसत नाही. ती भाषा जर्मन निघाली तर तुमची मुलगी जर्मन गटाची, मग घरात इंग्रजी पुस्तकं कितीही असोत.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का असतो: 'आम्ही घरी इंग्रजीही बोलतो.' प्रत्यक्षात काय बोलतो? 'शूज घाल, वॉटर पी, फास्ट कर, बस मिस होईल.' ही चांगली खणखणीत मराठी आहे. इंग्रजी नामं मराठी वाक्यात बसवलेली आहेत, इंग्रजी वाक्यरचना मुलीने ऐकलेलीच नाही. त्यावर 'मातृभाषेसारखी इंग्रजी' असं लिहाल तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

घरात वर्षभर फक्त इंग्रजी हा बेत सोडून द्या. कारणं दोन. एक, तुमची इंग्रजी ऑफिसची असते. त्यात रागावणं, लाड करणं, चिडवणं, भीती घालवणं हे सगळं आखूड होतं आणि मुलीला मिळणारी भाषाच आटते. दोन, गोष्ट रचण्याचं, कारण सांगण्याचं कौशल्य एका भाषेत पक्कं झालं की दुसरीत उतरतं. ते मराठीत पक्कं करणं तुमच्या हातात आहे. 'कारण', 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'जर-तर', 'जोपर्यंत' वापरून मुलगी मराठीत लांब वाक्यं बोलत असेल तर जर्मनमध्ये तिला फक्त शब्द बदलायचे असतात. मराठीतही तीन शब्दांवर थांबत असेल तर अडचण जर्मनची नाहीच.

साधासरळ:
मी थोडा वेगळा सूर लावतो. जवळची साधी ग्रुंडशूले (प्राथमिक शाळा) काय वाईट? पाच मिनिटांवर शाळा, सगळे मित्र त्याच गल्लीतले. एसईएसबी शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर सहा वर्षांच्या पोरीला रोज पाऊण तास यू-बान (मेट्रो). इंग्रजी तिला कुठेही येणारच.

श्प्रेकाठी:
@साधासरळ, मुद्दा बरोबर आहे, आणि बर्लिनची प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असल्यामुळे तो सहा वर्षांचा हिशोब आहे. तिकीट फुकट असतं, वेळ नाही. माझं मत असं: घराबाहेर पडल्यापासून वर्गात पोचेपर्यंत चाळीस मिनिटांवर जात असेल तर एसईएसबी पहिल्या पसंतीला लिहू नका, दोन-तीन वर्षांत देश बदलायचा पक्का बेत असेल तर गोष्ट वेगळी. बदली होणार असेल तर इंग्रजीतलं वाचन-लेखन खरोखर उपयोगी पडतं. आणि चाचणी पास म्हणजे जागा पक्की असं नाही. पात्र मुलं जागांपेक्षा जास्त झाली की भावंड आधीच त्या शाळेत आहे का वगैरे निकष आणि शेवटी चिठ्ठ्या. म्हणून दुसरी आणि तिसरी पसंती विचार करून लिहा, रिकामी सोडू नका.

शेवंती:
धन्यवाद सगळ्यांना. भांडणाची कसोटी लावून पाहिली, जर्मन निघाली! म्हणजे जर्मन गट. मग इंग्रजीची तयारी करायचीच नाही का? आणि रोज घरी नेमकं काय करायचं तेही सांगा ना.

खडूफळा:
इंग्रजी कानावर असू द्या, बस. जर्मन गटातल्या मुलीला इंग्रजी बोलणारी शिक्षिका पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजीतच बोलेल. सूचना हावभावावरून कळल्या, दोन-चार गाणी तोंडात असली, तर ती बुजत नाही.

रोजच्या कामासाठी एक पान पुरतं. 'विमेलबूख' घ्या, एकेका पानावर शंभर भानगडी चाललेली, शब्द नसलेली जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. सरकारी वाचनालयात भरपूर मिळतात, मुलांचं कार्ड फुकट निघतं. एका वेळी एकच पान, दहा मिनिटं. त्याच पानावर आठवडाभर रहा.

पहिल्या दिवशी शोधाशोध: 'शिडीवर कोण आहे?' दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रिया: 'ती काय करतेय? तिच्या हातातलं काय सांडलं?' मग कारण: 'दुकानदार का चिडलाय?' शेवटच्या दोन दिवशी तुम्ही गप्प. मुलीने पानातलं एक माणूस निवडायचं आणि त्याचा सकाळपासूनचा दिवस सांगायचा. ती नुसतं बोट दाखवून 'हा... मग हा... मग असं' म्हणू लागली की पुस्तक तुमच्याकडे वळवून धरा, तिला दिसणार नाही असं. बोट दाखवता येत नाही म्हटल्यावर शब्द काढावेच लागतात. साधी युक्ती आहे, पण फरक चार-पाच दिवसांत दिसतो.

हे सगळं मराठीत करा. जर्मनमध्ये तेच पान किटातल्या एरझीअरिनबाईंना (शिक्षिकेला) किंवा जर्मन बोलणाऱ्या शेजारच्या आजींना करू द्या. बाईंना भेटल्यावर 'जर्मन कशी आहे?' असं मोघम विचारू नका, उत्तर 'छान' असंच येतं. विचारा: गोल करून बसतात तेव्हा स्वतःहून बोलते का? कितपत लांब वाक्य? खेळाचे नियम दुसऱ्या मुलाला समजावते का?

तळ्यात_मळ्यात:
मराठी मुलांच्या जर्मनमध्ये ठरलेल्या जागी काय अडतं ते सांगतो, म्हणजे उगाच काळजी नको.

लिंग. मराठीत तीन लिंगं असल्यामुळे 'तीन प्रकार असतात' हे मुलांना नवीन नसतं, इंग्रजी घरातल्या मुलांपेक्षा हे बरं. पण वाटणी जुळत नाही: आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची झोन्न स्त्रीलिंगी. त्यामुळे 'डेअर झोन्न' (पुल्लिंगी उपपद लावून) ऐकू येणारच. शब्द नेहमी डेअर-डी-डास सकट ऐकवा, चूक झाली तर थांबवू नका, उत्तरात बरोबर रूप म्हणा आणि पुढे जा.

क्रियापदाची जागा. 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की जर्मन क्रियापद शेवटी जातं, जे आपल्याला सवयीचं. साध्या वाक्यात मात्र ते दुसऱ्या जागी लागतं आणि तिथे मराठी मुलं ते शेवटी ढकलतात. वर्षभर किटात राहिल्यावर बहुतेकांचं आपोआप सुटतं.

'इश'मधला मऊ घर्षक आवाज आणि 'शूले'मधला श यांत गल्लत होते. यासाठी उपचार लागत नाहीत. जीभ दातांबाहेर येऊन स उच्चारणं पाच-सहाव्या वर्षीही टिकून असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. उपचाराची चिठ्ठी तेच देतात आणि सरकारी विम्यात मुलांना वेगळे पैसे भरावे लागत नाहीत.

एक खूण लक्षात ठेवा. भाषेचा खरा दोष असेल तर तो मराठीतही दिसतो. मराठी ठणठणीत आणि जर्मन कच्ची, तर मुलीला जर्मन कमी मिळालं आहे, एवढंच. त्यावर औषध म्हणजे जर्मन बोलणारी मुलं, उपचार नव्हेत. नव्या किटात मूल काही महिने जवळजवळ गप्प राहतं, हेही चालतं. समजून घेतंय आणि खेळतंय तोवर ठीक.

मुंगसाची_आई:
आमचं इथलं आगमनच अलीकडचं आहे, मूल किटात जात नाही, आजी सांभाळते. त्याने काही अडेल का?

श्प्रेकाठी:
हो, लक्ष द्या. किटात न जाणाऱ्या मुलांची शाळेच्या साधारण दीड वर्ष आधी जर्मन चाचणी होते. पत्र येतं, जाणं बंधनकारक आहे. जर्मन कमी पडली तर शाळेआधी दीड वर्ष भाषा-वर्ग सक्तीचा होतो. तो शिक्षा समजू नका, घ्याच. बर्लिनमध्ये किटाला ऑगस्ट २०१८ पासून पालकांची फी नाही, जेवणाचे वगैरे थोडे पैसे लागतात. आजींचा मराठीचा वर्ग संध्याकाळी चालू ठेवा, दिवस किटाला द्या. किटाच्या 'गुटशाइन'साठी (जागेच्या हक्कपत्रासाठी) युगेंडआम्टकडे (बालकल्याण कार्यालयाकडे) लगेच अर्ज करा, जागा मिळायला वेळ लागतो.

हळदकुंकू:
शाळापूर्व आरोग्य तपासणीला घाबरायचं कारण आहे का? आमच्या ओळखीत कुणाला तरी 'एक वर्ष थांबा' सांगितलं.

तळ्यात_मळ्यात:
ती शाळेची परीक्षा नाही, आरोग्य खात्याची तपासणी आहे. नोंदणीनंतर तारीख येते. बरोबर पिवळी यू-पुस्तिका (बालरोगतज्ज्ञाच्या नियमित तपासण्यांची), लसीकरणाची पुस्तिका आणि असेल तर चष्मा. यू-९ ही बालरोगतज्ज्ञाची तपासणी ६० ते ६४ महिन्यांत होते, तिची वेळ आधीच घेऊन ठेवा, म्हणजे कानाडोळ्यांचं काही निघालं तर हातात वेळ राहतो.

साधारण हे प्रकार असतात: दृष्टी, हेडफोन लावून श्रवण, उंची-वजन, रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पाय जोडून उड्या, एका पायावर उभं राहणं, आकृती बघून काढणं, अर्थ नसलेले शब्द ऐकून तसेच म्हणणं, अनेकवचन, वस्तू मोजणं, माणसाचं चित्र.

गडबड कुठे होते? पहिली, श्रवण. सर्दी होऊन गेली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, मूल मंद आवाज ऐकत नाही आणि तपासणीत नापास दिसतं. सर्दी असेल तर तारीख बदलून घ्या. वारंवार होत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. 'हाक मारली तर ऐकत नाही, हट्टी आहे' म्हणून सोडून दिलेली किती तरी मुलं खरोखर कमी ऐकत असतात. दुसरी, पालक. मागे बसून 'सांग ना, तुला येतं ते' असं मराठीत पुटपुटू नका. मूल वळून तुमच्याकडे बघतं आणि पुढचे तीन शब्द त्याच्या कानावर पडत नाहीत. तिसरी, पेन्सिल. टॅबलेटवर बोट फिरवून अक्षरं गिरवलेल्या मुलांची पकड कच्ची असते. आखूड, जाड, त्रिकोणी पेन्सिल द्या. आखूड पेन्सिल मुठीत धरता येत नाही. कात्री रोज पाच मिनिटं: आधी सरळ पट्ट्या, मग वळणं, मग गोल. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताचीच कात्री, नाहीतर कागद पात्यात दुमडतो आणि आपल्याला वाटतं हात कच्चा आहे.

वर्षभर थांबायचं असेल तर पालकांनीच अर्ज करायचा असतो, किटाचं मत लागतं, आणि त्या वर्षात मूल किटातच हवं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या मुलांसाठी तो विचार करण्यासारखा आहे. नुसत्या जर्मनसाठी मी थांबणार नाही.

खडूफळा:
अक्षरओळखीबद्दल विचारलं नाही, पण विचारणारच आहात म्हणून लिहिते. वाचता यायला हवं का? नाही. स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिता आलं की पुरे. उलट घरी इंग्रजी फोनिक्सचा कोर्स लावून जर्मन गटात आलेली मुलं 'आय' अक्षर 'आय'च वाचतात, जर्मनमध्ये ते 'इ' असतं. 'ई' अक्षर 'ए' असतं. स्वरांचा हा घोळ सोडवायला पहिलं सत्र जातं.

त्याऐवजी कान तयार करा. शब्दाचे तुकडे टाळ्यांनी पाडणं: बा-रा-ख-डी, चार टाळ्या. यमक: 'चेंडू'ला जुळणारा शब्द, खोटा असला तरी चालेल, 'भेंडू'. पहिला आवाज: 'क'ने सुरू होणाऱ्या तीन वस्तू स्वयंपाकघरातून आण. मराठी मुलं इथे एका जागी अडतात, ती जोडाक्षरं. 'स्कूल' सांगा म्हटलं की पहिला आवाज 'स्क' किंवा 'इस्कूल'मधला 'इ' सांगतात. जर्मनमध्ये 'श्ट्र', 'श्प्र' ने सुरू होणारे शब्द ढीगभर, म्हणून आवाज सुटे करून ऐकवा: श, ट, र.

आकड्यांत मात्र आपली मुलं फायद्यात. जर्मन 'आइन-उंट-झ्वान्झिश' आणि आपलं 'एकवीस', दोन्हींत एकक आधी. इंग्रजीत उलट. तिन्ही भाषांत मोजणारं मूल पहिलीत २१ च्या जागी १२ लिहितं. गणित जर्मनमध्ये असल्यामुळे घरी मोजणं मराठी आणि जर्मनमध्येच ठेवा, दोन्हींचा क्रम जुळतो. वीसपर्यंत वस्तू हात लावून मोजता आल्या आणि फाशाचे ठिपके न मोजता ओळखता आले की पहिलीसाठी भरपूर. शंभरपर्यंत घोकून येणं आणि सात बोरं मोजून देणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

कांदाभजी:
खाजगी शाळांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. करारावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा. शाळा सरकारी शाळेला पर्याय म्हणून मान्य आहे का, म्हणजे 'एरझाट्सशूले'? तशा शाळांना पालकांच्या ऐपतीवरून मुलं निवडायला संविधानाच्या ७ व्या कलमाने मनाई आहे, त्यामुळे फी बहुधा उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार असते. ठरीव मोठी फी घेणाऱ्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय शाळा 'एरगेन्झुंग्सशूले' (पूरक शाळा) प्रकारात मोडतात. तिथे सक्तीचं शिक्षण पूर्ण झाल्याचं धरलं जाईल ना, आणि पुढे कोणती परीक्षा मिळेल, हे लेखी घ्या.

दुसरा प्रश्न एकूण खर्चाचा. नोंदणी शुल्क, प्रवेश शुल्क, जेवण, दुपारची देखरेख, सहली, सगळं धरून वर्षाचा आकडा मागा. सरकारी शाळेत बर्लिनमध्ये पहिली ते सहावी दुपारचं जेवण २०१९ पासून फुकट आहे, हे तुलना करताना विसरतात.

कर: मान्य शाळेच्या फीच्या ३० टक्के, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ५,००० युरो, उत्पन्नातून वजा होतात. ६,००० फी असेल तर १,८०० वजा. ही करपात्र उत्पन्नातली वजावट आहे, १,८०० परत मिळतात असं नव्हे. जेवण आणि देखरेखीचे पैसे यात धरत नाहीत, म्हणून शाळेकडून बिलं वेगळी मागा. आणखी एक: सूचना-कालावधी वाचा. सरकारी शाळेचं पत्र वसंतात येतं आणि खाजगी करार त्याआधीच सही करून बसलेला असतो. बाहेर पडायला काही महिन्यांची फी गेलीच समजा.

हळदकुंकू:
गोवराच्या पुराव्याचं सांगा ना कुणीतरी. आमच्याकडे भारतातलं कार्ड आहे, एक तारीख नीट दिसत नाही.

श्प्रेकाठी:
मार्च २०२० पासूनचा कायदा आहे, शाळेत दोन डोसांचा पुरावा लागतो. भारतात एमआर किंवा एमएमआर घेतलेली असेल तर गोवराचा भाग त्यात आहेच. कार्ड घेऊन इथल्या बालरोगतज्ज्ञाकडे जा, ते पाहून लसीकरणाच्या पुस्तिकेत नोंदी उतरवतात. तारीख वाचताच येत नसेल तर भारतातल्या डॉक्टरांकडून शिक्क्यासह पत्र मागवा, नाहीतर रक्ताच्या तपासणीतून प्रतिकारशक्तीचा दाखला, तेही नको असेल तर डोस पुन्हा. शाळा सक्तीची असल्यामुळे पुराव्याअभावी मुलाला घरी बसवत नाहीत, पण आरोग्य खात्याला कळवतात आणि दंड २,५०० युरोपर्यंत होऊ शकतो.

शेवंती:
खूपच कामाचं. शेवटचा प्रश्न: म्युनिकला बदली व्हायची थोडी शक्यता आहे. तिकडेही हेच नियम?

श्प्रेकाठी:
नाही, शिक्षण राज्यांकडे आहे. बायर्नमध्ये (म्युनिकच्या राज्यात) ३० जूनपर्यंत सहा पूर्ण करणाऱ्यांना सक्ती. जुलै ते सप्टेंबरची मुलं मधल्या पट्ट्यात, तिथे पालक पुढच्या वर्षावर ढकलू शकतात. हेसनमध्येही ३० जून, आणि नोंदणी शाळेच्या जवळजवळ दीड वर्ष आधी, जर्मन कमी असेल तर पूर्ववर्ग सक्तीचा. तुमची मे महिन्याची, त्यामुळे तिन्हीकडे २०२७ च. एसईएसबी मात्र फक्त बर्लिनमध्ये. बदलीचं नक्की होईपर्यंत बर्लिनची नोंदणी करूनच ठेवा, शहर सोडताना रद्द करता येते.

खडूफळा:
आणि शेवंतीताई, दुपारच्या होर्टचा (शाळेच्या वेळेबाहेरच्या देखरेखीचा) अर्ज वेगळा असतो, तो नोंदणीबरोबरच भरा. सकाळी ६ ते ७:३०, दुपारी १:३० ते ४, आणि ४ ते ६ असे भाग असतात. पूर्ण दिवसाच्या शाळेत मधला भाग शाळेतच धरलेला असतो. तो अर्ज राहिला की ऑगस्टमध्ये दीड वाजता मुलगी फाटकाशी आणि तुम्ही मीटिंगमध्ये. डबा स्वतः उघडणं, चेन लावणं, ओली विजार बदलणं, कपडे उलटे झाले तर सरळ करणं एवढं उन्हाळ्यात करून घ्या. वर्गात पंचवीसेक मुलं असतात, प्रत्येकाची बाटली बाईंनी उघडायची म्हटलं तर पहिला तास तिथेच संपतो. बाटली घेताना आधी तिच्याच हाताने उघडून बघा, दुकानात.